सुई टोचली, सहा महिने निगेटिव्ह: रक्तात एचआयव्हीविरोधी टी-पेशी सापडल्या तर त्याचा अर्थ काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एचआयव्हीबाधित रुग्णाचं रक्त काढताना एका सिस्टरच्या बोटात सुई गेली. त्यांनी २८ दिवस पेपच्या, म्हणजे विषाणूशी संपर्क आल्यावर लागण टाळण्यासाठी द्यायच्या औषधांच्या, गोळ्या घेतल्या आणि सहा महिन्यांपर्यंतच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पुढे त्यांच्या वाचनात आलं, की अशा प्रसंगातून गेलेल्या काही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रक्तात लागण नसतानाही एचआयव्हीला ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सापडतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. शरीराने विषाणूला हरवलं, असा याचा अर्थ होतो का? पुन्हा कधी सुई टोचली तर या पेशी वाचवतील का? आणि गोळ्या घेतल्यामुळे ही प्रतिकारशक्ती तयार व्हायची राहून गेली का?

आधी उत्तरं, मग कारणं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तसं असू शकतं, पण सिद्ध करता येत नाही. दुसऱ्याचं: नाही, आणि या भरवशावर कुणी एक गोळीसुद्धा चुकवू नये. तिसऱ्याचं: बहुधा हो, आणि ते चांगलंच झालं.

सुईतून नेमकं काय आत जातं, इथून सुरुवात करू. २२ गेजच्या पोकळ सुईने बोट टोचलं तर साधारण एक मायक्रोलिटर रक्त शरीरात शिरतं, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग. समजा रुग्णाचा व्हायरल लोड, म्हणजे विषाणूच्या आरएनए या जनुकीय साहित्याच्या प्रतींची संख्या, मिलिलिटरला १,००,००० कॉपी आहे. हा आकडा प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवाचा, असतो आणि रक्तात प्लाझ्मा निम्म्याहून थोडा जास्त असतो, म्हणून त्या एका मायक्रोलिटरमध्ये आरएनएच्या पन्नास-साठ प्रती येतात. विषाणूच्या प्रत्येक कणात आरएनएच्या दोन प्रती असतात, म्हणजे कण झाले पंचवीस-तीस. त्यातले बहुतेक सदोष असतात, पेशीत शिरून वाढण्याच्या लायकीचे नसतात. रुग्ण नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड ५० च्या खाली असेल, तर त्या थेंबात एकही मोकळा कण नसण्याचीच शक्यता जास्त. तरीही अशा रुग्णाची सुई टोचल्यावर पेप दिली जाते. कारण रक्तात विषाणूचा डीएनए बाळगणाऱ्या पेशीही असतात, आणि रुग्णाचा शेवटचा रिपोर्ट सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर आजची स्थिती त्यावरून कळत नाही.

सुई टोचल्यावर औषध न घेताही लागणीचा धोका सरासरी ०.३ टक्के, म्हणजे सुमारे तीनशेत एक, इतका कमी का, ते या हिशेबातून समजतं. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर धोका साधारण ०.०९ टक्के असतो. मात्र सरासरी प्रत्येकाला लागू पडत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात लागण झालेल्या ३३ कर्मचाऱ्यांची सुई टोचूनही लागण न झालेल्या ६६५ जणांशी तुलना केली होती. जखम खोल असेल तर धोका सुमारे १५ पट, उपकरणावर रक्त डोळ्यांना दिसत असेल तर सहा पट, सुई थेट शिरेत किंवा धमनीत घातलेली असेल तर चार पट, आणि रुग्ण आजाराच्या अखेरच्या टप्प्यात असेल तर पाच-सहा पट वाढलेला आढळला. या चारही गोष्टींचा मथितार्थ एकच: विषाणूची मात्रा. त्याच अभ्यासात झिडोवूडिन हे एचआयव्हीविरोधी औषध घेणाऱ्यांचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला. पेपची प्रथा पक्की होण्यामागे या आकड्याचा मोठा वाटा आहे.

आता कण आत शिरल्यानंतरची गोष्ट. त्वचेत लँगरहान्स पेशी आणि डेंड्रायटिक पेशी पहाऱ्याला असतात. बाहेरचं काही दिसलं की ते पकडून जवळच्या लसिकाग्रंथीत, बोटाला टोचलं असेल तर काखेतल्या गाठींत, नेऊन टी-पेशींना दाखवणं हे त्यांचं काम. एचआयव्ही नेमका याच वाटेचा फायदा घेतो, कारण त्या गाठींत त्याला हव्या असलेल्या सीडी४ पेशी (टी-पेशींचाच एक प्रकार) दाटीने असतात. माकडांमध्ये योनिमार्गे विषाणू देऊन केलेल्या १९९६ च्या प्रयोगात पहिल्या २४ तासांत स्थानिक डेंड्रायटिक पेशींत, दोन दिवसांत लसिकाग्रंथींत आणि पाच दिवसांत रक्तात विषाणू दिसला. तो मार्ग वेगळा होता, त्यामुळे सुईच्या जखमेला हे तास जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण क्रम तोच धरला जातो. विषाणू गाठीत पोहोचून तिथल्या पेशींत पक्कं घर करण्याआधी जो अवधी मिळतो, तोच पेपचा अवधी.

तो अवधी किती, हे १९९८ च्या दुसऱ्या एका माकडांवरच्या प्रयोगात फार स्पष्ट दिसलं. माकडांना एसआयव्ही हा एचआयव्हीचा भाऊबंद विषाणू शिरेतून दिला आणि नंतर टेनोफोविर हे एचआयव्हीविरोधी औषध सुरू केलं. २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिलेली सगळी माकडं वाचली. ४८ किंवा ७२ तासांनी सुरू केलं तेव्हा निम्मीच वाचली. वेळेवर सुरू करून दहाच दिवस दिलं, तरी निम्मीच. तीन दिवस दिलेल्यांपैकी एकही वाचलं नाही. गट लहान होते, तरीही ‘लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत आणि पूर्ण २८ दिवस’ या नियमामागे हा प्रयोग उभा आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी मळमळ कंटाळवाणी होते, भीतीही ओसरलेली असते आणि गोळ्या सुटतात. पेपमधली सर्वांत नेहमीची चूक हीच, आणि ती करण्याआधी त्या दहा दिवसांच्या गटाचं काय झालं ते आठवावं.

लागण झाली नाही, तरी टी-पेशी का तयार होतात? कण सदोष असले किंवा विषाणू एक-दोन पेशींत शिरून तिथेच विझला, तरी त्याची प्रथिनं डेंड्रायटिक पेशींच्या हाती लागतात. त्या प्रथिनांचे तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडतात. ते पाहून सीडी४ मदतनीस पेशी जाग्या होतात आणि कधी कधी सीडी८ मारक पेशीही. प्रतिपिंडं तयार व्हायला मात्र बऱ्याच जास्त प्रमाणात प्रथिन आणि बराच काळ लागतो. म्हणून एलायझा, रॅपिड, वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासण्या निगेटिव्ह असतानाही टी-पेशींच्या पातळीवर शरीराने विषाणूची ‘नोंद’ घेतलेली असू शकते. थोडी मात्रा पेशींचा प्रतिसाद जागवते, जास्त मात्रा प्रतिपिंडांचा, ही कल्पना नव्वदीच्या दशकात लसीच्या चर्चेतही जोरात होती.

याचा आरोग्य कर्मचाऱ्यांतला पहिला ठळक पुरावा १९९४ मध्ये आला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मारिओ क्लेरिची, जीन शिअरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाधित रक्ताशी संपर्क आलेल्या आठ जणांच्या पांढऱ्या पेशींना एचआयव्हीच्या बाह्य आवरणाच्या प्रथिनाचे, म्हणजे एन्व्हलपचे, कृत्रिम तुकडे दाखवले. आठपैकी सहा जणांच्या मदतनीस पेशींनी इंटरल्युकिन-२ हे संदेश देणारं प्रथिन स्रवून प्रतिसाद दिला. ज्यांना एचआयव्ही नसलेल्या रुग्णांचं रक्त लागलं होतं, अशा नऊ जणांत एकानेच दिला. पुढच्याच वर्षी लिगिया पिंटो आणि त्याच गटाने मारक पेशी तपासल्या. बाधित द्रव लागलेल्या २० पैकी ७ जणांत त्या सापडल्या, बाधित नसलेलं रक्त लागलेल्या २० जणांत एकातही नाही. यातल्या कुणालाही लागण झाली नव्हती. सिस्टरांच्या वाचनात बहुधा याच अभ्यासांचा सारांश आला असावा.

हे अभ्यास खरे आहेत आणि महत्त्वाचे आहेत. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र अनेकदा चुकतो.

हिशेब करून पाहा. धोका तीनशेत एक असेल तर आठ जणांत एकालाही लागण न होणं हे काहीही प्रतिकार नसताना घडणारच आहे. वीस जणांतही तेच. लागण झाली नाही आणि टी-पेशी सापडल्या, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून दुसरीमुळे पहिली झाली असं म्हणता येत नाही. टी-पेशींनी वाचवलं हे दाखवायचं तर प्रतिसाद असलेले आणि नसलेले असे हजारो कर्मचारी घेऊन कुणाला लागण होते ते पाहावं लागेल. पेप उपलब्ध असताना असा अभ्यास कुणी करणार नाही, करूही नये.

दुसरी अडचण विशिष्टतेची आहे. त्या नऊपैकी एकाने प्रतिसाद दिला, ही चाचणीतली गफलत असेलच असं नाही. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं, की एचआयव्हीशी कधीच संबंध न आलेल्या प्रौढांच्या रक्तातही एचआयव्हीच्या तुकड्यांना ओळखणाऱ्या आणि ‘अनुभवी’ दिसणाऱ्या सीडी४ पेशी असतात. दुसऱ्याच कुठल्या जंतूशी झालेल्या ओळखीतून त्या तयार होतात आणि तुकड्यांच्या साम्यामुळे एचआयव्हीलाही चिकटतात. त्यामुळे एखाद्याच्या रक्तात अशी पेशी सापडली, की ती सुईमुळेच आली हेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत निर्णायक वाटते. टी-पेशींचा प्रतिसाद पुरेसा असता तर तो जागवणारी लस चालली असती. स्टेप नावाच्या लसचाचणीत सर्दीच्या विषाणूवर एचआयव्हीची तीन जनुकं लादून नेमका मारक पेशींचा प्रतिसाद उभा केला होता. बहुतेकांच्या रक्तात तो आलाही. तरी लागण थांबली नाही, आणि सप्टेंबर २००७ मध्ये लस देणं बंद करावं लागलं. काही गटांत तर लस घेतलेल्यांत लागण जास्त दिसली. नैरोबीतल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा अनुभवही तोच इशारा देतो. त्यांतल्या काही जणी वर्षानुवर्षं संपर्क येऊनही निगेटिव्ह राहिल्या होत्या आणि त्यांच्या रक्तात एचआयव्हीविरोधी सीडी८ पेशी होत्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्यांच्यापैकी काहींना पुढे लागण झालीच, पेशी आधीपासून असतानाही. काम काही काळ थांबवणं किंवा कमी करणं याच्याशी त्याचा संबंध दिसला. वारंवार संपर्क असतानाच जो प्रतिसाद टिकतो, तो एकदा टोचलेल्या सुईनंतर वर्षानुवर्षं पहारा देईल ही आशा फोल आहे.

‘काही माणसं जन्मतःच सुरक्षित असतात’ असंही सांगितलं जातं. ते सीसीआर५ या, विषाणूला पेशीत शिरायला लागणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या जनुकातल्या डेल्टा-३२ बदलाबद्दल आहे. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या माणसांच्या पेशींत नेहमीच्या प्रकारचा विषाणू शिरू शकत नाही. पण अशी माणसं उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरात एखादं, आणि भारतीयांत अत्यंत दुर्मीळ. आपण तो हिशेबात धरू नये.

आता गोळ्यांचा प्रश्न. झिडोवूडिन घेतलेल्या कर्मचाऱ्यांत मारक टी-पेशींचा प्रतिसाद कमी आढळतो, असं १९९९ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं. ‘गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबली’ असा त्याचा अर्थ लावला जातो, तो उलटा आहे. झिडोवूडिन काय, टेनोफोविर किंवा लॅमिवूडिन काय, ही औषधं विषाणूच्या आरएनएचा डीएनए होऊ देत नाहीत. डीएनए नाही म्हणजे पेशीत नवी प्रथिनं तयार होणं नाही, आणि प्रथिनं नाहीत म्हणजे मारक पेशींना पाहायला काही नाही. प्रतिसाद कमी आला, कारण विषाणूला हातपाय पसरता आले नाहीत. किंबहुना या निरीक्षणातून एक गंभीर शक्यता पुढे येते: गोळ्या न घेतलेल्या, पुढे निगेटिव्ह राहिलेल्या काही जणांच्या शरीरात विषाणूने थोडीफार वाढ सुरू केली असावी आणि ती नंतर विझली असावी. म्हणजे त्यांची सुटका अगदी काठावरची होती. त्या काठावर मुद्दाम जाण्यात शहाणपण नाही.

टी-पेशींची तपासणी करून घ्यावी का, असंही विचारलं जातं. नाही. तिचा उपचाराच्या निर्णयात काहीही उपयोग नाही आणि पेपच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तिला स्थान नाही. ती कशी होते हे कळलं तर कारण पटेल. टीबीसाठी इग्रा तपासणी ज्या तत्त्वावर चालते, त्याच तत्त्वावर ही एलिस्पॉट नावाची तपासणी चालते. हेपॅरिनच्या नळीत साधारण १० मिली रक्त घ्यायचं, सामान्य तापमानालाच ठेवायचं आणि सहा-आठ तासांच्या आत पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या. नळी चुकून फ्रिजमध्ये गेली किंवा रात्रभर पडून राहिली, की ग्रॅन्युलोसाइट पेशी मिसळतात, टी-पेशी मलूल होतात आणि प्रतिसाद खोटा निगेटिव्ह येतो. मग प्रत्येक खळग्यात सुमारे दोन लाख पेशी टाकून त्यांच्यावर एचआयव्हीच्या प्रथिनांचे पंधरा अमिनो आम्लांचे, एकमेकांवर अकरांनी ओव्हरलॅप होणारे तुकडे सोडायचे आणि रात्रभर ३७ अंशांना ठेवायचं. सकाळी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडणाऱ्या प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. दहा लाख पेशींमागे पन्नासच्या आसपास ठिपके आणि शिवाय कोऱ्या खळग्यापेक्षा काही पट जास्त, अशी मर्यादा अनेक प्रयोगशाळा धरतात. संपर्क येऊन लागण न झालेल्या माणसाचे ठिपके नेमके याच मर्यादेच्या आगेमागे घोटाळतात. आज पॉझिटिव्ह, महिन्याने निगेटिव्ह, असं सहज होतं.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा आहे. सुरुवातीच्या अमेरिकी अभ्यासांत वापरलेले तुकडे तिकडच्या बी उपप्रकाराच्या विषाणूवर बेतलेले होते. भारतात, महाराष्ट्रातही, मुख्यतः सी उपप्रकार आहे. आणि एन्व्हलप हे तर एचआयव्हीचं सर्वांत बदलतं प्रथिन. बी चे तुकडे वापरून इथल्या कर्मचाऱ्याची तपासणी केली, तर असलेला प्रतिसादही निसटू शकतो. पुण्यात भोसरीला १९९२ पासून काम करणाऱ्या, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी सी उपप्रकारावर काम होतं ते याच गरजेपोटी. पण ते संशोधन आहे. सुई टोचलेल्या माणसाने तिथे नळी घेऊन जायचं नसतं.

खासगी लॅबमध्ये जाऊन सीडी४ काउंट करून घेणारेही बरेच असतात. त्याने काही कळत नाही. साध्या व्हायरल तापात, दिवसाच्या वेळेनुसार, जागरणानेही तो आकडा खालीवर होतो, आणि मग विनाकारण महिनाभर झोप उडते. लक्षणं नसताना उगाच केलेल्या पीसीआरचंही, म्हणजे विषाणूचं जनुकीय साहित्य शोधणाऱ्या तपासणीचंही, तसंच: अगदी कमी कॉपींचा खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात आला की तो खोटा ठरेपर्यंतचे दिवस फार वाईट जातात.

ज्यावर खरोखर विसंबायचं, त्याकडे येतो. सुई टोचली की हातमोजा काढा, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट, बेटाडिन किंवा ब्लीच ओतू नका. पिळल्याने आणि रसायनांनी ऊतींना इजा होते, सूज येते, आणि सुजेच्या जागी त्याच पेशी गोळा होतात ज्या विषाणूला हव्या असतात. डोळ्यात उडालं तर पाण्याने किंवा सलाइनने भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताना राहू द्या, नंतर काढून स्वच्छ करा.

मग ताबडतोब कळवा. ड्युटी संपल्यावर, सुट्टीनंतर असं नाही. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत जावी, आणि त्यासाठी रुग्णाच्या किंवा स्वतःच्या रिपोर्टची वाट पाहू नये. टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिवूडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ ही एकत्र गोळी रोज एक, २८ दिवस. रुग्णाची तपासणी त्याची संमती घेऊनच करायची. तो निगेटिव्ह निघाला आणि नुकत्याच झालेल्या लागणीची शंका नसेल, तर गोळ्या थांबवता येतात. रात्रपाळीला कॅज्युअल्टीत ही गोळी हाताशी नसते आणि चावी सकाळी येणाऱ्या माणसाकडे असते, ही परिस्थिती कुठल्याही रुग्णालयात असू नये. पहिल्या काही मात्रांची पाकिटं चोवीस तास उघडता येईल अशा जागी ठेवली, की हा प्रश्न सुटतो.

स्वतःची पहिली तपासणी गोळी घेतल्यानंतर लगेच, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या दोन-तीन दिवसांत करून ठेवा. ती निगेटिव्ह असेल तरच पुढे काही झाल्यास ते कामावर झालं असं सिद्ध होतं. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी) आणि हिपॅटायटिस सी ची तपासणी करा. डोल्युटेग्राव्हिरने पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं, साधारण ०.१ ते ०.२ ने, वाढलेलं दिसतं. मूत्रपिंडातून ते बाहेर टाकण्याचा एक मार्ग औषध अडवतं म्हणून तसं दिसतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. एवढ्या कारणाने कुणी गोळी बंद करू नये. मात्र क्रिएटिनिन आधीपासूनच जास्त असेल, तर टेनोफोविरबद्दल एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलायला हवं. अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. नाहीतर पोटात दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि औषध शोषलंच जात नाही. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी दिवसाला १००० मिग्रॅच्या वर जाऊ नये. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा लागते.

पुढच्या तपासण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. दोन ते चार आठवड्यांत ताप, अंगावर पुरळ, घसा दुखणं, गाठी सुजणं असं काही झालं तर वेळापत्रकाची वाट न पाहता पी२४ अँटिजेन हे विषाणूचं प्रथिनही पकडणारी चौथ्या पिढीची तपासणी करा. इथे पीसीआरला अर्थ आहे. या काळात निरोध वापरा, रक्तदान करू नका, बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एका माणसाबद्दल इथे वेगळं लिहायला हवं. वॉर्डातल्या कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचते ती बहुतेकदा सफाई करणाऱ्या मावशींना किंवा कंत्राटी कामगाराला, आणि ती कुणाची होती हे कळतही नाही. उघड्यावर वाळलेल्या रक्तातला विषाणू लवकर निष्प्रभ होतो. पण पोकळ सुईत किंवा सिरिंजमध्ये अडकलेल्या रक्तात तो जास्त टिकतो, थंडीत अधिक, उन्हाळ्यात कमी. म्हणून अशी सुई सोडून देण्यासारखी नसते. ती कुठल्या वॉर्डातून आली, रक्त ओलं होतं का, जखम खोल आहे का, हे पाहून पेपचा निर्णय लगेच घ्यावा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार जिथे असा धोका आहे, त्या संस्थेने तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि पेप द्यायची आहे. कायम नोकरी आणि कंत्राट असा भेद त्यात नाही. माहितीसाठी १०९७ हा नाकोचा, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा, टोल फ्री क्रमांक आहे.

प्रतिकारशक्ती मोजून तिच्यावर विसंबता येईल असा विषाणू याच सुईत असू शकतो, तो हिपॅटायटिस बी. लस न घेतलेल्या माणसाला त्याचा धोका एचआयव्हीच्या कितीतरी पट, ६ ते ३० टक्के. ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस घेऊन, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे त्या विषाणूविरोधी प्रतिपिंडं, तपासा. मिलिलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय युनिट किंवा त्याहून जास्त आलं की संरक्षण आहे असं धरता येतं. ते नसेल आणि सुई बाधिताची असेल, तर हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) किलोमागे ०.०६ मिली, शक्य तितक्या लवकर, २४ तासांत उत्तम, आणि सोबत लस. स्वतःलाच आधीपासून हिपॅटायटिस बी असेल, तर २८ दिवसांनी पेप थांबवताना यकृताची तपासणी चुकवू नका. टेनोफोविर आणि लॅमिवूडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि गोळी सुटली की तो उसळतो.

राहिला पुन्हा सुई टोचण्याचा प्रश्न. मागच्या वेळी निगेटिव्ह राहिलात, टी-पेशी सापडल्या असतील किंवा नसतील, तरी दुसऱ्या वेळी सगळं पहिल्यापासून: धुणं, कळवणं, दोन तासांत गोळी, नवी पहिली तपासणी. पेप चालू असतानाच पुन्हा टोचली, तर २८ दिवस शेवटच्या टोचण्यापासून मोजायचे, आणि सहा आठवडे, तीन महिने, सहा महिन्यांच्या तपासण्याही त्या नव्या तारखेपासून.